वरच्या बाणाची डबी

गेल्या महिन्यात आमच्या प्रशिक्षण केंद्रात एक बैठक झाली. सर्व्हर सांभाळायचं काम शिकायला येणाऱ्या नवख्या मुलामुलींना 'हिस्ट्री'तलं नेमकं काय काय यायला हवं, हे ठरवायचं होतं. इतिहासाच्या शिक्षकांनी दचकू नये. आम्ही लोक काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून मशीन चालवतो, आणि टाइप केलेली प्रत्येक कमांड मशीन निमूटपणे लिहून ठेवतं. त्या यादीला हिस्ट्री म्हणतात. कीबोर्डवरचा वरचा बाण दाबला की मागची कमांड जशीच्या तशी पडद्यावर येते, आणखी एकदा दाबला की तिच्या मागची. मग नुसतं एंटर दाबायचं. पुन्हा टाइप करायचे कष्ट वाचतात.

बैठकीला पुण्याहून एक तज्ज्ञ आले होते. त्यांनी सव्वीस कलमांची यादी आणली होती आणि शिकवायला वेळ होता आठवडाभर, रोज एक तास. पहिलं कलम होतं, 'वरचा बाण वापरता येणे'. मला हसू फुटलं. तज्ज्ञ दुखावले. "यात विनोद काय आहे, मॅडम?"

"काही नाही सर," मी म्हटलं, "मला वरचा बाण मिळायला चार महिने लागले होते."

त्यांनी प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्यांनी चहा मागवला. बैठक पुढे दोन तास चालली, पण माझं निम्मं लक्ष शाहूपुरीतल्या एका पिठाच्या गिरणीवर गेलेलं होतं.

त्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर, मी जिथं काम शिकले त्या सरांचं ऑफिस होतं. दोन खोल्या, एक एसी आणि सहा मशीन. साखर कारखाने, दवाखाने, सूतगिरण्या अशा ठिकाणचे सर्व्हर सांभाळायचं काम सर घेत आणि हाताखाली दोन-तीन नवखे लोक ठेवत. खाली गिरण सुरू झाली की वर टेबलं थरथरत आणि सगळ्यावर पिठाचा हलका थर बसे. सरांना त्याचं कौतुक होतं. कुठल्या बटणावर पीठ साचलंय ते बघून ते हाताखालच्या पोराला सांगत, "कबनूर, तुझ्या शिफ्टवर पीठ हाय. मोठी अक्षरं वापरत न्हाईस तू. आळशी हायस."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा सर जमिनीवर मांडी घालून, खांद्यावर पंचा टाकून, रंगाच्या ब्रशनं एक कीबोर्ड झाडत बसले होते. मी मलकापूरहून सकाळच्या एसटीनं आलेली. कॉलेजात पहिली आलेली, त्यामुळे प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरलेली.

"काय येतं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"सर, लिनक्स येतं. सगळं येतं."

"मग हितं कशाला आलाय, पावणं? घरी जावा की."

रडायचं नाही असं ठरवून आले होते, त्यामुळे मला राग आला. "सगळं म्हणजे, थोडं कमी येतं," मी म्हटलं.

"किती कमी?"

"ते अजून कळायचंय."

आता त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. फाईलकडे नाही, माझ्याकडे. "गाव कुठलं?"

"मलकापूर."

"बस, मलकापूर." त्या क्षणापासून माझं नाव गेलं ते गेलंच. सर सगळ्यांना गावाच्या नावानं हाक मारत. माझ्या आधी सहा महिने लागलेला एक यंत्रमागवाल्यांच्या घरचा मुलगा होता, तो कबनूर. ऑफिसात फोन आला की सर ओरडत, "मलकापूर, तुझ्या मलकापुरातनं फोन हाय." फोनवर माझे वडील असत आणि त्यांना वाटे, गावातले सगळेच लोक फोनवर आहेत.

पहिल्याच दिवशी सरांनी माझा नवा कीबोर्ड मांडीवर घेतला, चहाच्या चमच्याचं टोक घातलं आणि टक् करून वरच्या बाणाचं बटण उपटून काढलं. खिशातून एक पितळी डबी काढली, अंगारा ठेवतात तसली. तीत ते बटण टाकलं. आत आणखी पाचसहा बटणं खुळखुळली.

"सर, ते लागतं," मी म्हटलं.

"कशाला?"

"मागची कमांड परत आणायला."

"आणि तुला म्हाईत हाय, मागं काय हाय ते?"

कॉलेजात असा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. सरांचं म्हणणं असं, की नवख्या माणसाला वरचा बाण देऊच नये. प्रत्येक कमांड हातानं टाइप करावी म्हणजे ती डोक्यातून जाते. बाण दाबला की ती नुसती बोटातून जाते. लायकी दिसली की बटण परत मिळेल. लायकी कशी ओळखणार, असं कबनूरनं एकदा विचारलं. "मला वाटंल तवा," सर म्हणाले, आणि चर्चा संपली.

हिस्ट्रीतल्या बाकीच्या गोष्टींबद्दलही त्यांची ठाम मतं होती. जुनी कमांड शब्द टाकून शोधता येते, कंट्रोल आणि आर दाबून. ती सूट आम्हाला दोन महिन्यांनी मिळाली. "नाव घेऊन हाक मारलीस तर येऊ दे," सर म्हणाले, "नुसतं दारात हुबं राहून कोण येतंय बघायचं, ते नगं." दोन उद्गारचिन्हं टाइप केली की शेवटची कमांड पुन्हा चालते. ती त्यांना मुळीच आवडत नसत. "वाक्य सुरू व्हायच्या आधीच जो वरडतो, त्याचं काय खरं न्हाय." आणि यादीतला नंबर देऊन कमांड चालवायची सोय होती, तिला ते मटका म्हणत. "आकडा लावतीयास व्हय गं? लागला तर लागला, न्हाय तर घर गेलं."

एक नियम मात्र त्यांनी स्वतःलाही लावला होता. जुनी कमांड कशीही आणली तरी एंटर दाबायच्या आधी उजवा हात कीबोर्डवरून उचलायचा, कानाला लावायचा, ओळ मोठ्यानं वाचायची आणि मगच दाबायचं. एका दवाखान्यात डॉक्टरांना वाटलं, सर देवाचं नाव घेऊन मशीन चालवतात. तिथल्या नर्सबाईंनी दुसऱ्या दिवसापासून सर्व्हरला फूल वाहायला सुरुवात केली. सरांनी फूल काढलं नाही, फक्त हवा जायच्या जाळीवरून बाजूला सरकवलं.

शनिवारी दुपारी पारायण असे. आधी मिसळ यायची. मग सर जुन्या प्रिंटरवर आम्हा दोघांची आठवड्याची हिस्ट्री छापत. करकर आवाज करत लांबच लांब कागद बाहेर येई आणि सर तो मांडीवर घेऊन, कट लागलेल्या बोटानं ओळी दाखवत मोठ्यानं वाचत. प्रत्येक ओळीला वेळ छापलेली असे.

"एल एस. एल एस. सीडी. एल एस. परत एल एस." एल एस म्हणजे समोर कोणत्या फायली आहेत ते दाखव, सीडी म्हणजे दुसऱ्या फोल्डरमध्ये जा. "मलकापूर, घरात शिरल्यावर तू चारदा चपला मोजतीस काय?"

हसायला कबनूर पुढे. त्याची पाळी आली की मी.

पण त्या कागदावरून सर आमच्याबद्दल काय काय ओळखत, याचा मला अजून अचंबा वाटतो. तिसऱ्या शनिवारी ते वाचता वाचता थांबले. "बाराच्या पुढं तुझी स्पेलिंगं बिघडत्यात. रोज. सकाळी खाऊन येत न्हाईस?" मी खोलीवर एकटी राहत होते आणि चहाबिस्किटावर निघत होते. सोमवारपासून साडेअकराला सरांच्या घरून डबा येऊ लागला. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणत असू. त्या निपाणीकडच्या. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कागदावर एक ओळ असे, 'सगळं संपव, न्हाईतर ह्यांना सांगीन.' त्या घरात सगळेच लेखी पुरावा ठेवत.

कबनूरला ती बटणबंदी फार जाचायची. बटण काढलं तरी खालचा रबरी ठिपका राहतो. कबनूर पेन्सिलीच्या मागच्या टोकानं तो दाबू लागला. त्या शनिवारी सर वाचता वाचता हसले. "हितं बघ. एक अक्षर चुकलंय. आणि खाली परत तीच ओळ, तेच अक्षर चुकलेलं. माणूस दुसऱ्या येळेला येगळं चुकतो रं. तंतोतंत तसाच कसा चुकला?" कबनूरनं मुकाट्यानं पेन्सिल टेबलावर ठेवली. सरांनी ती टोक काढून त्याला परत दिली.

आमच्या ताब्यातल्या सगळ्या मशीनवर सरांनी काही गोष्टी करून ठेवल्या होत्या. एकच कमांड दोनदा दिली तर यादीत एकदाच दिसावी अशी सोय असते, ती बंद. "एक चूक दोनदा केलीस तर दोनदा दिसली पायजे." आधी एक जागा सोडून टाइप केलं की ती कमांड यादीत येतच नाही, अशीही युक्ती असते. तीही बंद. "चोराला कशाला मागचं दार?" यादीतली एखादी ओळ पुसता येते, हे मात्र त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. मला ते कॉलेजापासून माहीत होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. वडिलांनी मला एक वर्ष दिलं होतं. नाही जमलं तर मलकापुरात मामाचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि तिथली खुर्ची माझ्यासाठी रिकामी ठेवलेली होती. मामा फोनवर आवर्जून सांगायचा, "खुर्चीला नवी गादी बसवलीया." मला रात्री त्या गादीची स्वप्नं पडत. त्यामुळे कुणी माझ्यावर नाराज झालं की मला आधी झेरॉक्सचा हिरवा उजेड दिसायचा.

चौथ्या महिन्यात सरांनी मला पहिल्यांदा एकटीला एका साखर कारखान्यावर पाठवलं. कारखान्याचं नाव सांगत नाही. हंगाम जोरात होता. ट्रॅक्टर येतो, वजनकाट्यावर उभा राहतो, उसाचं वजन मशीनमध्ये जातं, ड्रायव्हरला छापील पावती मिळते आणि तो आत जातो. मशीनवरच्या एका फोल्डरमध्ये या पावत्या साठतात. शेजारी दुसरं फोल्डर होतं, चाचणीच्या खोट्या पावत्यांचं. ते मला रिकामं करायचं होतं. दहा मिनिटांचं काम.

निघताना सर म्हणाले, "तितल्या कीबोर्डला बाण हाय. हात लावायचा न्हाय." सर स्वतः कुठंही गेले तरी आपला कीबोर्ड कापडी पिशवीत घालून स्कूटरला अडकवून नेत. त्यालाही वरचा बाण नव्हता. विचारलं की म्हणत, "पडला कुठंतरी."

काट्याशेजारच्या खोलीत भाऊसाहेब म्हणून लिपिक होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि "चालू द्या ताई," म्हणून खिडकीशी जाऊन बसले. समोर कीबोर्ड होता. त्याला वरचा बाण होता. चार महिन्यांनी बघत होते. स्वच्छ, काळा, कोपऱ्यात बसलेला.

मी चाचणीच्या फोल्डरमध्ये गेले, काय आहे ते बघितलं, सगळ्या पावत्या उडवायची कमांड दिली, पुन्हा बघितलं. रिकामं. छान. मग खऱ्या पावत्यांच्या फोल्डरमध्ये गेले. सगळं ठीक आहे ना, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी चपला मोजायचीच कमांड द्यायची होती. दोन अक्षरं. ती टाइप करायला मला एक सेकंद लागला असता. मी बाण दाबला. दोनदा दाबायचा तो तीनदा दाबला आणि त्याच ओघात एंटर.

मशीन काही बोललं नाही. या मशीनांची ही एक वाईट सवय आहे, काम झालं की ती गप्प बसतात. मग मी ती दोन अक्षरं हातानं टाइप केली. फोल्डर रिकामं होतं. चाचणीचं नव्हे, खरं. बाण तिसऱ्यांदा दाबल्यावर उडवायची कमांड आली होती. पहाटेपासूनच्या सगळ्या पावत्या गेल्या होत्या. कानाला हात लावायचं मला तेव्हा आठवलं.

खिडकीबाहेर ट्रॅक्टर उभे होते आणि हॉर्न वाजत होते. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, यादी दिसंना झाली की."

"बघते," मी म्हटलं. आणि मी जे केलं ते सांगायला अजून जड जातं. मी पावत्या शोधल्या नाहीत. सरांना फोन केला नाही. मी आधी हिस्ट्री उघडली, माझी ती ओळ शोधली आणि पुसली.

पण पुसायची कमांड हीसुद्धा कमांडच. ती यादीच्या तळाशी येऊन बसली. 'अमुक नंबरची ओळ पूस', ठळक, वेळेसकट. मग मी ती पुसली. तर तिला पुसणारी ओळ तिथं येऊन बसली. मी तिलाही पुसलं. नवी आली. आधी जागा सोडून बघितलं, तरी आली. सगळीच यादी पुसता आली असती, पण चार महिन्यांची यादी एकाएकी रिकामी दिसली असती तर भाऊसाहेबांच्या म्हशीलाही शंका आली असती. मी घामेघूम होऊन पुसत राहिले. दर वेळी एक जाई आणि एक येई. शेवटी हात थांबले तेव्हा पडद्यावर एकच ओळ उरली होती आणि ती हटायला तयार नव्हती. मग भाऊसाहेबांनीच सरांना फोन केला.

सर अर्ध्या तासात आले. माझ्या खुर्चीवर बसले, पिशवीतून आपला कीबोर्ड काढून जोडला आणि हिस्ट्री उघडली. बोट ठेवत ठेवत ओळी वाचत खाली आले. शेवटच्या ओळीवर बोट टेकलं, क्षणभर राहिलं. मग त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"डिस्क गेली वाटतं," ते म्हणाले.

मला वाटलं, दिसली नाही. देव पावला.

तेवढ्यात कारखान्याचे शेती अधिकारी आत आले. उंच, पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. "काय झालं? बाहेर रस्त्यापर्यंत लाइन गेलीया!"

"डिस्क मेलीय का ते बघाय लागंल," सर शांतपणे म्हणाले. "मेली असंल तर दोन्ही काटे बंद करून पुण्यासनं नवी मागवायची. उद्या सकाळी सुरू."

"उद्या? अवं, ऊस वाळतोय! वजन घटलं की शेतकरी मला सोलतील!"

"मग तपासून बघतो," सर म्हणाले आणि टाइप करू लागले. काय टाइप करत होते ते मी बघितलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होते. पहिल्याच ट्रॅक्टरवर एक म्हातारा ड्रायव्हर होता. त्यानं उसाच्या मोळीवर पाण्यानं भिजवलेलं पोतं टाकलं होतं आणि तो पुन्हा पुन्हा ते हातानं सारखं करत होता. डिस्क ठणठणीत होती, हे त्या सगळ्या माणसांत फक्त मला माहीत होतं. वीस मिनिटं मी गप्प उभी राहिले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लाजिरवाणी वीस मिनिटं. मला खुर्चीची नवी गादी दिसत होती आणि समोर ते ओलं पोतं दिसत होतं. शेवटी पोत्यानं मला हरवलं.

"सर, डिस्क नाही गेली," मी म्हटलं. "मी उडवल्या. बाण दाबला. आणि ती ओळ मी पुसली."

शेती अधिकारी एका मोबाइलवर बोलत होते, ते थांबले. सरांनी खुर्ची वळवली. आता ओरडतील म्हणून मी डोळे मिटले. ते माझ्याकडे झुकले आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात त्यांनी विचारलं, "किती येळा पुसलीस?"

मी डोळे उघडले. उरलेली ओळ एकच होती. मी किती वेळा पुसलं ते त्या यादीवरून कुणालाही कळणं शक्य नव्हतं.

"नऊ," मी म्हटलं.

"मी चौदा," सर म्हणाले आणि पुन्हा मशीनकडे वळले. "नऊ वाजताची नक्कल दुसऱ्या मशीनवरनं कवाच आणून ठेवलीया. आता काय उडवलंस, कुठनं उडवलंस ते बरोबर सांग, म्हंजे तेवढंच लावतो. न्हाय तर चांगल्यावर वाईट बसायचं."

मी सांगितलं. दहा मिनिटांत पहाटेपासून नऊपर्यंतच्या पावत्या जागेवर आल्या आणि काटा सुरू झाला. राहिल्या नवानंतरच्या. त्या ट्रॅक्टरवाल्यांच्या खिशात होत्या आणि ट्रॅक्टर आत आवारात रिकामे व्हायला थांबलेले. मी वही घेऊन एकेका ड्रायव्हरकडे गेले. सरांची अट होती, की पावती का हवी ते प्रत्येकाला खरं सांगायचं.

"दादा, पावती द्या, मी मशीनमधली चुकून उडवली."

"आँ? उडवली म्हंजे?"

"पुसली. आणि मग मी पुसली हे पण पुसायचा प्रयत्न केला. नऊ वेळा."

"नऊ येळा!" एक ड्रायव्हर म्हणाला. "ताई, आमी ट्रॉली खड्ड्यात घालतो ती एकदाच घालतो की." पुढच्या ट्रॅक्टरपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली. तिथून पुढे लोक पावती हातात काढूनच उभे होते आणि 'नऊवाल्या ताई आल्या' म्हणत होते. पोत्याच्या म्हाताऱ्यालाही भेटले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

संध्याकाळी शेती अधिकारी सरांना म्हणाले, "उद्यापासनं ही मुलगी काट्यावर नको."

"साहेब," सर म्हणाले, "हिनं हे एकदा केलंय. ही परत करणार न्हाय. अजून न केलेला एक हाय माझ्याकडं, कबनूरचा. त्याला पाठवू?"

अधिकाऱ्यांनी बराच विचार केला. "नको. हीच राहू दे."

शनिवारी मिसळ आली. पारायणात माझा कागद निघाला. सरांनी तो वाचला, सगळा, त्या शेवटच्या ओळीसकट. कबनूर या वेळी हसला नाही. मग सरांनी पितळी डबी काढली आणि टेबलावर उपडी केली. काळ्या बटणांत एक बटण पिवळट, जुनं, जाड होतं. आमच्या कुठल्याच कीबोर्डचं नव्हतं.

"ह्ये माझं," सर म्हणाले.

सरांची पहिली नोकरी एका सूतगिरणीत होती. तिथं त्यांनी असाच बाण दाबून सबंध पाळीची हजेरी उडवली होती आणि ती ओळ चौदा वेळा पुसायचा प्रयत्न केला होता. तिथं हिस्ट्री बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळे सापडले नाहीत. आळ आला दुसऱ्यावर. मशीनवर बसणारे एक वयस्क ऑपरेटर होते, त्यांना तिथून उचलून गोदामात टाकलं. "मला चहा पाजायचे वो रोज," सर म्हणाले. "गोदामात गेले तरी पाजायचे. आणि मी प्यायचो." ते थोडा वेळ डबीच्या झाकणाशी खेळत राहिले. "तू वीस मिन्टात बोललीस. मी आज बोलतोय."

खाली गिरण सुरू झाली आणि टेबलावरची बटणं थरथरू लागली. सरांनी माझं बटण शोधलं, माझ्या कीबोर्डवर ठेवलं आणि अंगठ्यानं दाबून बसवलं. "घे, मलकापूर." मला रडू आलं आणि मी रडले. कबनूरनं विचारलं, "सर, माझं?" सर म्हणाले, "तू आधी काहीतरी उडव."

माझ्या मनात सर आहेत ते असे. आम्हाला ते कधी रागानं बोलले नाहीत आणि प्रेमानंही बोलले नाहीत. डबा पाठवला तोही स्पेलिंगं सुधारावीत म्हणून, असं ते अजूनही म्हणतात. आता काम सोडून ते अक्कांच्या गावाकडे शेतावर राहतात. विहिरीची मोटर फोनवरून चालू करायची सोय त्यांनी स्वतः बसवली आहे आणि ती चालू करताना कानाला हात लावतात, असं अक्का सांगतात.

तर बैठक. तज्ज्ञांची सव्वीस कलमं मी एकेक करून खाली आणली. ते चांगले गृहस्थ होते, भांडले पण ऐकलं. नंबर देऊन कमांड चालवणं काढलं, मटका म्हणून. उद्गारचिन्हं काढली. शोधणं ठेवलं. वाचून मग एंटर दाबणं घातलं. वरचा बाण शेवटच्या दिवशी ठेवला. शेवटी तज्ज्ञ म्हणाले, "पण मॅडम, यादीतली ओळ पुसणं? ते नवशिक्यांना मुळीच शिकवू नये असं माझं मत आहे. गैरवापर होतो."

"शिकवायचं," मी म्हटलं. "सगळ्यात आधी. पहिल्याच तासाला प्रत्येकानं एक ओळ पुसायची, मग ती पुसल्याची ओळ पुसायची, आणि कंटाळा येईपर्यंत करत राहायचं."

"आणि परीक्षा?"

"परीक्षेत एकच प्रश्न. 'किती वेळा पुसून बघितलंत?' उत्तर तपासता येणार नाही. खरं लिहितात का ते त्यांचं त्यांनी बघायचं."

प्राचार्यांनी पुन्हा चहा मागवला, पण कलम मंजूर झालं. मी प्रश्नपत्रिका तयार केली, उत्तरासाठी एक छोटी चौकट आखली आणि सरांना पाठवून दिली. त्यांचं मत हवं होतं. खरं तर शाबासकी हवी होती.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. मागे कुठेतरी पंपाचा आवाज येत होता.

"मलकापूर, पेपर बघितला."

"कसा वाटला, सर?"

"प्रश्न बराय. पेन घेऊन बसलोय कवाचा. पर चौकट एकाच आकड्याची आखलीयास की गं. माझं उत्तर त्यात बसत न्हाय."